सोलापूरची तारीख आणि तापलेली गाडी

पुण्याहून सोलापूरला जायचं तर शहाणी माणसं रेल्वेनं जातात. आत्याचं रेल्वेचं तिकीट मीही काढलं होतं. नंतर मीच ते परत केलं, कारण माझ्या दारात गाडी उभी होती.

आत्याला गुरुवारी अकरा वाजता सोलापूरच्या कोर्टात साक्ष द्यायची होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सोलापुरात शाळेवर पंचवीस-सव्वीस वर्षं गणित शिकवलं, भवानी पेठेत एका खोलीत एकटी राहिली आणि नोकरी संपल्यावर आमच्याकडे पुण्याला आली. तिच्या शेजारच्या खोलीत लक्ष्मी नावाची मुलगी राहायची. आईबाप नव्हते, विड्या वळून पोट भरायची. तिचं लग्न आत्याच्या डोळ्यांदेखत झालं. सात वर्षांनी नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, आणि लक्ष्मीनं पोटगीचा अर्ज दिल्यावर त्यानं कोर्टात लिहून दिलं, की या बाईशी माझं लग्न कधी झालंच नाही. लग्न लावणारे भटजी वारले होते. लग्नाला हजर असलेल्या, नवऱ्याच्या एका मित्राला आता काही आठवत नव्हतं. उरली आत्या. फेब्रुवारीतल्या तारखेला ती आजारी म्हणून गेली नाही. या खेपेला लक्ष्मीच्या वकिलांनी पत्रात खाली रेघ ओढून लिहिलं होतं, ही शेवटची संधी आहे.

एवढं ठाऊक असून मी गाडीचा हट्ट धरला. पेट्रोल महागल्यावर बऱ्याच लोकांनी गाड्या विकायला काढल्या, त्यातली एक जुनी, तीन मालक बघितलेली गाडी मी घेतली होती. आमच्या आळीतली ती पहिलीच चारचाकी. कचेरीतल्या हेडक्लार्कनं गाडी घेतली म्हणून लोक हसत होते, आणि मला ते कौतुकच वाटत होतं.

"सुधाकर, रेल्वेनं गेले असते रे," आत्या म्हणाली होती.

"आत्या, तुला कोर्टाच्या दारात उतरवतो की नाही बघ," मी म्हणालो.

बुधवार, सकाळ

पहाटे साडेपाचला निघालो. आत्या मागे बसली, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत दोन लुगडी आणि पोह्यांचा डबा. हडपसर मागे पडलं, ऊन अजून कोवळं होतं, आणि मी मजेत गाडी हाणत होतो. यवतच्या पुढे सहज समोर बघितलं तर पाण्याच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलेला.

ज्यांनी जुनी गाडी चालवलेली नाही त्यांना या काट्याचं भय कळणार नाही. एकदा तो वर गेलेला पाहिला की रस्ता दिसत नाही, झाडं दिसत नाहीत, शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही. दर दहा सेकंदांनी डोळे तिकडेच जातात. मी गाडी बाभळीखाली घेतली, अर्धा तास थांबलो, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. इंजिन सुरू केलं. काटा खाली आलेला. हलत्या इंजिनाशेजारी पाच मिनिटं उभा राहिलो. सगळं ठीक. निघालो, आणि चार-पाच मैलांत काटा पुन्हा वर.

भिगवणला एका टपरीवजा गॅरेजात थांबलो. तिथल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून, डोकं आत न घालताच निदान केलं. "थर्मोस्टॅट काढून टाका साहेब. पाणी अडवणारी झडप असते ती. थंड मुलखातली चैन आहे. आपल्याकडं काय काम?" त्यानं ती काढून माझ्या हातात दिली. मला फार हलकं वाटलं. इंदापूर येईपर्यंत काटा परत लाल रेघेवर. इंदापुरात दुसऱ्यानं फॅनबेल्ट आवळून दिला आणि छातीला हात लावून सांगितलं, आता थेट सोलापूर. टेंभुर्णीच्या आधीच तोही खोटा ठरला.

गंमत अशी की उभी असताना गाडी कधीच तापायची नाही. दोघांनीही काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून बघितलं, बोट लावून बघितलं, दोष म्हणून दिसेना. आजारी मूल डॉक्टरसमोर हसत बसावं तशी ती शहाण्यासारखी फुरफुरत उभी राहायची.

मी प्रत्येक थांब्याला घड्याळ बघत होतो, गाडीभोवती फेऱ्या घालत होतो, टायरला लाथ मारत होतो. आत्या मात्र स्वस्थ. इंदापूरच्या पुढे तिनं डबा उघडला, मला पोहे दिले आणि म्हणाली, "बैस की जरा."

"तुला काळजी वाटत नाही?"

"वाटते," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली. तिचं हे स्वस्थपण मला विचित्र वाटलं होतं. वर्गात एक मिनिट उशिरा आलेल्या मुलाला दाराबाहेर उभं करणारी बाई ती.

बुधवार, दुपार. मोडनिंब

तुम्ही त्या बाजूला गेला नसाल तर सांगतो, भिगवण सोडलं की एप्रिलात मुलूख उघडा पडतो. काळी रानं भेगाळलेली, निंबाखेरीज सावली नाही. रस्त्याच्या कडेला दोन वर्षांपूर्वी दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग अजून तसेच पडलेले. उन्हानं लांबचा डांबरी रस्ता पाण्यासारखा हलतो. अशा त्या रस्त्यावर, मोडनिंब दोन मैल राहिलं असताना, बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली.

मी उतरलो तो चिडूनच. थांबावं, वाट बघावी, एवढं भान राहिलं नाही. फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं उजव्या हातावर आलं. मी ओरडलो. आत्या दार उघडून धावली. शेजारच्या रानातून एक इंजिन टुकटुक करत होतं, त्या बाजूनं एक माणूस बांध ओलांडून पळत आला. पन्नाशीचा, काटक, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातांना तेलाची काजळी.

"उघाडलं व्हय? गरम असताना?" त्यानं माझा हात धरला आणि सरळ ओढत पाटाच्या वाहत्या पाण्यात घातला. "ठिवा. हलवू नगा. अजून ठिवा."

विहिरीतलं गार पाणी हातावरून वाहत होतं आणि मी तिथं उकिडवा बसून दात आवळत होतो. तो माणूस म्हणजे भीमराव. त्याची बायको पारूबाई कोरफडीचं पान चिरून घेऊन आली. हात गार होईस्तोवर दोघांनीही गाडीचं नाव काढलं नाही. हाताला गर लावल्यावर पारूबाईंनी विचारलं ते एवढंच, "जेवलायसा का?"

आमच्याकडे दाराशी आलेल्या अनोळखी माणसाला आधी विचारतात, काय काम आहे. इथं काम शेवटी विचारतात. निंबाखाली बसवून त्यांनी आम्हाला ज्वारीची कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी वाढली. ही भाकरी पापडासारखी मोडते, आठ दिवस टिकते म्हणतात. चटणी उखळात कुटलेली, शेंगदाण्याचं तेल सुटलेली आणि तिखटजाळ. आमच्या घरी दाण्याच्या चटणीत चिमूटभर साखर पडते असं मी सांगितलं तेव्हा पारूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"साकर? चटणीत?"

पण मला घास गिळत नव्हता. दोन वाजून गेले होते. "भीमराव, इथं मिस्त्री कुठं मिळेल?"

"मोडनिंबात हाय एक. आज बार्शीला गेलाय." त्यानं गाडीकडे बघितलं. "मी बगतो की. पन माझी पाण्याची पाळी हाय, कांद्याचं धा वाफं ऱ्हायल्यात. तेवढं भिजवून येतो. तवर थंड हू द्या तिला."

तो गेला. माझ्या पुढच्या दोन तासांचं काय सांगू? मी शंभर वेळा रस्त्यापर्यंत गेलो आणि आलो. एक शेतकरी माणूस माझी गाडी बघणार, तेही कांदा भिजवून झाल्यावर! भिगवण, इंदापूरच्या मिस्त्रींना जमलं नाही ते हा काय करणार? चारच्या सुमाराला पुण्याकडून सोलापूरची एस.टी. येताना दिसली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवले. भाजलेला हातसुद्धा. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. आत जागा होती. कंडक्टरनं दार उघडलं.

"आत्या! चल! ऊठ लवकर. तू पुढे जा, मी गाडीचं बघून येतो."

आत्या निंबाखाली बसली होती. ती उठली नाही.

"आत्या, अगं बस थांबलीय!"

तिनं मान हलवली. नाही. कंडक्टरनं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, दोरी ओढून घंटी दिली आणि धुरळा उडवत बस गेली.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. आयुष्यात आत्याशी चढ्या आवाजात बोललो नव्हतो, तो तेव्हा बोललो. "तुला कळतंय का काय केलंस? उद्या अकराला तारीख आहे! गाडी सुरू झाली नाही तर त्या मुलीचं काय?"

"कळतंय," आत्या म्हणाली. मग जमिनीकडे बघत, "सुधाकर, गाडी बंद पडली ना, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं."

मी खाली बसलो. पारूबाई समोरच शेंगा फोडत होत्या, त्यांचाही हात थांबला.

"फेब्रुवारीत मी आजारी नव्हते," आत्या म्हणाली. "त्याच्या आधी व्यंकटेश येऊन गेला होता. तुम्ही सगळे कामावर होतात." व्यंकटेश म्हणजे लक्ष्मीचा नवरा. तो आत्याचा विद्यार्थी, हे मला माहीत होतं. किती जवळचा, ते माहीत नव्हतं. त्याचा बाप मागावर काम करताना गेला, तेव्हा हा सातवीत. आत्यानं त्याला दोन वर्षं संध्याकाळी आपल्या खोलीत बसवून शिकवलं, जेवू घातलं. शाळेत पहिला आला. मिलच्या हापिसात नोकरीला लागला तेव्हा पेढे घेऊन आधी आत्याकडे आला, मग आईकडे. लक्ष्मीची आणि त्याची ओळख आत्याच्याच दारात झाली. घरच्यांचा विरोध होता म्हणून लग्न देवळात लागलं, आणि मुलीकडून उभी राहिली ती आत्याच.

"पाया पडला. म्हणाला, बाई, खरं बोला असं म्हणायला मी आलो नाही, खोटं बोला असंही म्हणत नाही. फक्त येऊ नका. आलात तर माझी नोकरी जाईल, दोन्ही घरं बुडतील. सुधाकर, त्या मुलाला मी घडवला. त्याच्या विरुद्ध उभी राहून काय बोलू मी?"

सकाळपासून मी समजत होतो की अडचण एकट्या गाडीची आहे.

पारूबाईंनी टोपली बाजूला ठेवली. "बाई, एक इचारू?"

"विचारा."

"लगीन झालं व्हतं का न्हवतं?"

"झालं होतं."

"तुमी बगितलं?"

"मी बघितलं."

"मग?" पारूबाई म्हणाल्या. त्यात ठपका नव्हता, खरंच पुढचं ऐकायचं होतं त्यांना. आत्यानं बाजूच्या टोपलीतली एक शेंग उचलून फोडली. पारूबाई पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

ऊन उतरल्यावर भीमराव पाय धुऊन आला. त्यानं मिस्त्रींसारखं लगेच काही सांगितलं नाही. प्रश्न विचारत बसला. कधी तापते? उभी असताना? चालताना? हळू चालताना का पळताना? मी आठवून आठवून सांगत होतो, तेवढ्यात आत्या मागून म्हणाली, "गावातून हळू जाताना काटा खाली येत होता. मोकळ्या रस्त्याला हा जोरात हाणायला लागला की वर." मी चमकलो. ती मागं बसून दिवसभर काटा बघत होती तर.

"आसं," भीमराव म्हणाला. "जोर केला की तापती." त्यानं वाकून रेडिएटरला खालून वर हात लावला. मला इंजिन सुरू करायला सांगितलं, गरम होऊ दिलं. "आता दाबा. जोरात. सोडू नगा."

मी पाय दाबला. इंजिन गर्जायला लागलं. बॉनेटच्या आडून भीमरावचं डोकं दिसत नव्हतं, नुसता आवाज आला, "आरं तिच्या! सापडलं! बाई, हिकडं या, बगा तुमीच."

आत्या वाकली. मग भीमरावनं रानातून परत आलेल्या आपल्या मुलीला गाडीत बसवलं, लाकडी दांडक्यानं अ‍ॅक्सिलरेटर कसा दाबायचा ते दाखवलं आणि मला बॉनेटपाशी उभं केलं. रेडिएटरच्या तळापासून इंजिनाकडे जाणारी जाड रबरी नळी होती. इंजिन हळू चालू होतं तोवर ती छान गोल. जोर वाढला तशी ती माझ्या डोळ्यांसमोर आत ओढली गेली आणि चपटी झाली, रिकाम्या पिशवीसारखी. पाय सोडला, पुन्हा गोल.

"आत पाणी ओढायचा पंप हाय ना तिचा? त्यो ओढतोय, आन् नळी चिपतीय. पाणी फिरंना झालं की तापणारच. तुमी थांबून बगता तवा ती गोलच दिसती. म्हनून कुनालाच घावली न्हाय." भीमराव आपल्या विहिरीकडे बोट दाखवत म्हणाला, "माझ्या इंजिनाच्या पाणी ओढायच्या सक्शन पायपाचं आसंच झालं व्हतं. मला आट दिस घावलं न्हवतं. त्या पायपाला आत तार असती, गोल गोल, वेटोळी. तिनंच त्यो फुगून ऱ्हातो. हिच्याबी नळीत असनार. कुनीतरी नवी नळी घातली, तार घालायची इसरला."

कुणीतरी म्हणजे माझ्या आधीच्या तीन मालकांपैकी कुणीतरी. मी मात्र दिवसभर पाणी ओतत, पट्टे आवळत, टायरला लाथा मारत आलो होतो, आणि घाईनं जितका जोर करत होतो तितकी ती नळी मिटत होती.

अंधार पडत होता, काम सकाळवर गेलं. रात्री आम्ही तिथंच राहिलो, वस्तीवर, बाजेवर.

गुरुवार

सहाला मी उठलो तर भीमराव अंगणात बसून फाटका सक्शन पाइप चिरत होता. त्यातली पोलादी तार त्यानं सोडवली, पहारीभोवती वेटोळी करत घट्ट गुंडाळली. सोडल्यावर ती थोडी फुलली, नळीच्या आत बरोबर बसेल इतकी. माझा उजवा हात कामाचा नव्हता, म्हणून नळी धरायला आत्या बसली. लुगड्याचा ओचा खोचून, चष्मा नाकावर घेऊन. भीमरावनं तार नळीत पिळत सरकवली, दोन्ही टोकं बसवून पट्ट्या आवळल्या. पाणी भरलं. पुन्हा इंजिन, पुन्हा जोर. नळी थोडीही हलली नाही.

"दाबा अजून," भीमराव म्हणाला. मी तळापर्यंत पाय नेला. नळी गोलच.

निघताना मी काही देऊ केलं तर भीमराव रागावलाच. पारूबाईंनी आत्याच्या पिशवीत कडक भाकरीची चळत घातली आणि म्हणाल्या, "बाई, जावा. आन् येताना सांगून जावा काय झालं ते."

आठ वाजले होते. पहिले पाच-सहा मैल मी बैलगाडीच्या चालीनं गेलो, डोळे काट्यावर. मागून आत्याचा आवाज आला, "सुधाकर, जोरात घे."

"नको, तापली तर?"

"नळी धरून मी बसले होते. घे जोरात."

मी वेग वाढवला. काटा वर सरकला, मध्यावर आला. तिथंच थांबला. मोहोळ गेलं. काटा तिथंच. मोहोळनंतर मी त्याच्याकडे बघायचं सोडलं असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. बघतच होतो.

सव्वादहाला सोलापूर. कोर्टाच्या आवारात निंबाच्या झाडाखाली लक्ष्मी उभी होती. पस्तिशीची, सडपातळ, काठ विरलेली पण इस्त्री केलेली साडी. आत्याला गाडीतून उतरताना बघून ती पुढं आली आणि तिनं आत्याचा दंड धरला. तो तिनं कोर्टात नाव पुकारेपर्यंत सोडला नाही.

नाव पुकारायला दोन वाजले. तोवर मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होतो. व्यंकटेश समोरच्या बाकावर बसला होता, पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. देखणा माणूस. त्यानं एकदाच आत्याकडे बघितलं, मग वहाणेकडे बघत राहिला.

आत्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा मला ती एकदम लहान वाटली. लक्ष्मीच्या वकिलांनी विचारलं, तिनं सांगितलं. कोणतं देऊळ, कोणता महिना, कोण हजर होतं. मग व्यंकटेशचे वकील उठले.

"बाई, आपलं वय?"

"सदुसष्ट."

"या गोष्टीला किती वर्षं झाली? आपल्याला शाळेतली शेकडो मुलं, शेकडो लग्नं. हेच लग्न इतकं आठवण्याचं कारण काय? कुणी पढवलं का?"

आत्यानं एकदा व्यंकटेशकडे बघितलं. मला वाटलं, आता तिला बोलवणार नाही.

"त्याच्या मुंडावळ्या मी बांधल्या," ती म्हणाली. आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "त्याची आई आली नव्हती म्हणून. गाठ बसेना. तो माझ्यापेक्षा उंच. मी म्हटलं, वाक रे जरा. तेव्हा त्यानं मान खाली घातली होती. आता घातलीय ना, तशीच."

मॅजिस्ट्रेटांनी मान वळवून बघितलं. मीही बघितलं. व्यंकटेशची मान खाली होती. सगळे बघतायत हे कळल्यावर त्यानं ती वर करायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही. वकिलांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले, पण ते आपले विचारायचे म्हणून.

बाहेर आल्यावर आत्या पायरीवर बसली. लक्ष्मी पाणी आणायला गेली होती. व्यंकटेश दारातून बाहेर आला, मी उठून मध्ये उभा राहिलो, काय बोलेल कुणास ठाऊक. त्यानं फक्त हात पुढं केला. हातात आत्याच्या चष्म्याचं घर होतं.

"आत राहिलं होतं, बाई."

आत्यानं ते घेतलं. आणि सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "जेवलास का?"

तो उभा राहिला. मग मागं न बघता फाटकाकडे चालत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत आत्या बघत होती, आणि मग मात्र ती रडली. लक्ष्मी तांब्या घेऊन शेजारी उभी राहिली, पाणी सांडू न देता, थांबून.

भवानी पेठ

संध्याकाळी लक्ष्मीच्या खोलीवर गेलो. भवानी पेठेत माग थांबत नाहीत. खटखट खटखट असा तो आवाज भिंतींतून, फरशीतून येतो, आणि तिथली माणसं त्यावर आवाज चढवूनच बोलतात. आत्या पुण्याला आली तेव्हा पहिले सहा महिने आमच्या शांत घरात तिला झोप लागत नसे. त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. शेजारपाजारच्या बायका आल्या, आपसात तेलुगूत बोलत होत्या, आत्याशी मराठीत. "अम्मा, वाळलात की हो लई." लक्ष्मीनं भात आणि चिंचेचं आंबट सार केलं. पारूबाईंची भाकरी आत्यानं मोडून सगळ्यांच्या पानात घातली.

"बाई," जेवताना लक्ष्मी म्हणाली, "फेब्रुवारीत तुमी आला नाहीत तवा मी तुमच्यावर लई रागावले होते की."

"मी आजारी नव्हते, लक्ष्मी."

"मला माहीत होतं. तो सांगत फिरला होता, बाई येणार नाहीत म्हणून." ती भात वाढत राहिली. "आज आलात. घ्या अजून."

परत येताना मोडनिंबला थांबलो, काय झालं ते सांगितलं. पारूबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "बरं झालं," आणि चहा टाकला. भीमराव तेवढ्यात बॉनेट उघडून बघून आला. पुण्यापर्यंत काटा मध्याच्या वर गेला नाही. त्यानंतर मी गाडी काही महिने वापरली आणि विकली. घेणाऱ्याला नळीचं सांगूनच विकली.

निकालाचं पत्र पावसाळा संपता संपता आलं. निळं आंतर्देशीय, ठळक अक्षर. लग्न झाल्याचं कोर्टानं मान्य केलं होतं. आत्यानं पत्र दोनदा वाचून माझ्याकडे दिलं. मी ते उलटसुलट बघितलं. पाठवणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं, लक्ष्मी नरसय्या. नरसय्या तिच्या वडिलांचं नाव.

"हे काय?" मी म्हणालो. "एवढं भांडून बायको असल्याचं सिद्ध केलं, आता नवऱ्याचं नाव लावायला हिला कोण अडवतंय?"

"कुणी नाही," आत्या म्हणाली. "म्हणूनच तर. आता कुठलं लावायचं ते तिचं तिनं ठरवलं."

तिनं माझ्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली आणि उत्तर लिहायला कागद मागितला. वर मायना घालताना तिनं तेच नाव लिहिलं, पूर्ण, सावकाश, फळ्यावर लिहावं तसं.